आमच्या रंगखान्याची पाटी

चिरंजीव धाकट्यास थोरल्या बहिणीचे भरभरून आशीर्वाद. थोरली बहीण म्हणजे मी. सांगून ठेवलेलं बरं, कारण गेल्या वर्षी माझ्या वाढदिवसाचा फोन तू माझ्या विहीणबाईंना केलास आणि शेवटपर्यंत तुला पत्ता लागला नाही. (त्यांनीही शहाणपणाने आशीर्वाद देऊन टाकला.) तुझी साखर ताळ्यावर आहे ना? भावजयीचा खोकला गेला का? माझं विचारशील तर रक्तदाब वर चढला आहे, आणि सध्या तो खाली आणायची माझी मुळीच इच्छा नाही. पत्र नेहमीप्रमाणे नात लिहून घेते आहे. मी सांगेन तेच लिहायचं, पदरचं एक अक्षर घालायचं नाही, असं आधी कबूल करून घेतलंय. कागदावर चुकीचं उतरलं की काय होतं, ते नुकतंच पाहून आले आहे.

तर ऐक. आपल्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी पालिका दगडी पाटी बसवणार आहे, पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी. पाटीवर गल्लीचा इतिहास. मला आनंद झाला (लगेच होतो, ही माझी जुनी खोड), म्हणून नातीला मजकूर वाचायला लावला. त्यात काय, तर ‘या ठिकाणी कोपऱ्यावरील औषधवाल्यांचा रंगखाना होता.’ औषधवाल्यांचा! आणि पुढे, ‘येथे काही स्त्रियाही मदतनीस म्हणून काम करीत.’ अरे, त्या काही स्त्रिया म्हणजे आपली एकटी आई! बाबा गेल्यावर अकरा वर्षं जिने भट्टी विझू दिली नाही, सुताची ओली लडी नुसती नाकाशी धरून जी सांगायची की रंग अजून दोन उकळ्या मागतोय, जिची नखं शेवटपर्यंत निळी राहिली, ती मदतनीस! आणि आपल्या दारावरून नाकाला रुमाल लावून जाणारा तो औषधवाला मालक! त्याला लाल आणि गुलाबी यांतला फरक कळत नव्हता, खोकल्याचं औषध सुद्धा बायको रंग सांगायची तेव्हा द्यायचा. मी जेवले नाही त्या दिवशी. (नात म्हणते, आजी, जेवलीस. बरं, जेवले, पण चव लागली नाही.)

दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन पालिकेत गेले. तिथे एक इतिहासवाला आहे, तरणाताठा, गोड बोलणारा. गोड बोलणारी माणसं फार वेळ खातात. म्हणाला, “आजी, लेखी काही आहे का?” मी म्हटलं, लेखी असतं तर मी आले असते कशाला, कागदच पाठवला असता. मग म्हणाला, निदान घर नक्की कुठे होतं ते तरी दाखवा. आता दाखवणार काय कपाळ! हापसा होता तिथे मोबाईलचं दुकान, सुताराच्या जागी पार्किंग, आणि आपल्या बाजूला जुन्या भिंतींवरच चढवलेली काचेची चार मजली इमारत. पण हापशापासून आपल्या उंबऱ्यापर्यंत भरल्या बादलीची अठ्ठावन्न पावलं, हे मी मेले तरी विसरायची नाही. रिकाम्या बादलीची पंचेचाळीस, पण ती धरायची नाहीत, रिकाम्या बादलीने मी उड्या मारत जायची. म्हणून मोबाईलवाल्याकडून बादली घेतली, काठोकाठ भरली आणि निघाले. इतिहासवाला म्हणतो, तुम्ही तेव्हा नऊ वर्षांच्या होता, पाऊल आता मोठं पडेल. त्याला म्हटलं, या गुडघ्याने माझं पाऊल केव्हाच परत नऊ वर्षांचं करून ठेवलंय, तू मोज.

अठ्ठावन्नावं पाऊल एका व्यायामशाळेत पडलं. तिथे धडधाकट माणसं पट्ट्यावर जागच्या जागी धावत होती, कुठेही पोचत नव्हती, आणि वर त्याचे पैसे भरत होती. बादली थोडी हिंदकळली, एक पैलवान घसरला, त्यांची व्यवस्थापक बाई किंचाळत आली. मी म्हटलं, बाई, तुमच्या वजनांच्या मागची भिंत खरवडा. खरवडली (मीच खरवडली, चमच्याने), तर तीन थर चुन्याखाली आपली निळी भिंत! व्यवस्थापक बाई भिंतीला बोट लावून बघायला लागली. पैलवान तर फोटो काढायला लागला. पण इतिहासवाला काय म्हणतो? “जागा मान्य, आजी. मालकी मात्र दप्तरात पाहावी लागेल.”

आणि दप्तर काढलं. साठ वर्षांपूर्वीच्या वहीत स्वच्छ नोंद: मालक, कोपऱ्यावरचे औषधवाले. खाली माहिती देणाराचा अंगठा. बघ म्हणजे! आई राबली, आणि कोणा दीडशहाण्याने अंगठा उठवून तिचा सगळा जन्म दुसऱ्याच्या पदरात टाकला. असल्या माणसाला काय म्हणावं ते मी सांगितलंय, पण नात लिहायला तयार नाही. असो. तू मनाला लावून घेऊ नकोस. कोणापाशी तरी बोलायचं होतं, बोलले. भावजयीला आशीर्वाद, मुलांना गालगुच्चे.

तुझी,
थोरली

ता. क. तो अंगठा माझा आहे. वहीतले बाकीचे सगळे काळे, हा एकच निळा. कारकुनाला शाई लावावीच लागली नव्हती. आई माल पोचवायला गेली होती आणि मी पंधरा वर्षांची, जिभेला हाड नसलेली. गटारात रंगीत पाणी जातं अशी तक्रार औषधवाल्यानेच केली होती, म्हणून कारकून मालक कोण ते विचारत आला. मी सांगितलं, मालक तेच, कोपऱ्यावरचे, आम्ही आपल्या मदतनीस. स्वतःच्याच तक्रारीवर त्यांना तीनदा कचेरीत बोलावलं. आई पोट धरून हसली होती. तू दारात उभा होतास, आठ वर्षांचा, सगळं ऐकत.

आणखी एक. इतिहासवाल्यापाशी मी सगळं कबूल केलंय. तो म्हणतो, “एकदा खोटी माहिती दिलेल्या माणसाची दुसऱ्यांदा कशी घेऊ?” त्या घरात राहिलेल्या दुसऱ्या कोणी लिहून सही केली तर पाटी बदलतो म्हणाला. दुसरं कोण उरलंय आता? तेव्हा आजच लिही: रंगखाना आईचा होता, आणि माझ्या बहिणीने कारकुनाला धडधडीत खोटं सांगितलं. मला सांभाळून घेऊ नकोस, ‘लहान होती’ वगैरे घालू नकोस. माझं नाव खोटारडी म्हणून दप्तरात राहू दे, आईचं दगडावर येऊ दे.

शेवटचं. पत्राबरोबर खजूर पाठव, बिया काढलेले. दात तीनच उरलेत, आणि सोमवारी मला पाटीपुढे मोठ्याने बोलायचंय.