बिनमोरचुदाची खळ

अहो,

तुम्ही होतात तेव्हा तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. एका घरात राहून कोण लिहितं? आज लिहितेय, कारण मी निपाणीला आपल्या घरी जाऊन आले, आणि तिथं जे पाहिलं ते सांगायला दुसरं माणूस उरलेलं नाही.

आपलं घर आता बघायचं घर झालंय. भाऊजींनी ते चित्रांसकट गावातल्या समितीला देऊन टाकलं, मला शहापूरला माहेरी पोचवलं आणि हात झटकले. दारावर तुमच्या नावाची पाटी आहे, तुमचा चष्मा काचेत ठेवलाय. चुलीच्या जागी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला असतात. तुमचं कौतुक होतंय याचा मला आनंदच आहे, पण चुलीच्या जागी चपला, अहो?

पुढच्या खोलीत तुम्ही रंगवलेली आपली गोदी टांगलीय. पोर गेली, तिचा फोटो कधी काढलाच नव्हता. तिचं तोंड आता जगात तेवढंच आहे. म्हातारा राखणदार दोघा पाहुण्यांना सांगत होता, ‘बगा, पोरगी लांब क्षितिजाकडं बघतीया.’ क्षितिज कसलं? भाकरी झाली म्हणून मी आतून हाका मारत होते, आणि तुम्ही तिला हलू देत नव्हतात.

जवळ गेले तर चौकटीखाली फरशीवर पिठासारखा भुगा. चित्रातल्या झबल्याच्या काठाला बारीक भोकं पडलीत. कसर लागलीय, हनुवटीपासून चार बोटांवर आलीय.

आठवतं ना? लढाईच्या दिवसांत विलायती कॅनव्हास मिळेना, तेव्हा माझ्या भावानं, अण्णानं, मागावर जाड कापड विणून दिलं. कापडानं रंग धरावा म्हणून खळ मी दिली, सुताला देतो तीच तांदळाची. विणकराची लेक मी, दुसरं काय देणार? अण्णा म्हणाला होता, ‘मोरचूद घाल गं त्यात. न्हायतर झुरळाला जेवाण वाढल्यागत हुतंय.’ तुम्ही म्हणालात, मोरचूद नको, पांढरा रंग हिरवा पडेल. मी दोनदा सांगितलं. तुम्ही हसलात, ‘साडी नाही, चित्र आहे हे.’ चित्राला कीड लागत नाही का? गावभराचं ऐकायचात, माझंच तेवढं का ऐकलं नाहीत?

समितीचे चिटणीस वकील आहेत. त्यांना भुगा दाखवला. म्हणाले, ‘काळजी नको बाई, खिडक्या आम्ही कायम बंद ठेवतो.’ म्हटलं, बंद ठेवता म्हणूनच ओल धरते. चित्रं बाहेर उन्हात ठेवा, मागून मोरचुदाची खळ द्या. तर दिवाळीनंतरच्या बैठकीत विषय घेऊ म्हणाले. अहो, दिवाळीपर्यंत तिचे डोळे राहतील का? मी सरळ चौकटीला हात घातला. ‘हात लावू नगासा, आक्का,’ राखणदार धावत आला. मी तिथंच खाली बसले आणि सगळ्यांदेखत रडले.

वकील गेल्यावर राखणदारानं पाणी आणून दिलं. मी कोण ते त्याला एव्हाना कळलं होतं. मी विचारलं, इथं झाडतं कोण? म्हणाला, बाई सोडून गेली, दुसरी मिळत नाही. सोमवारी घर बंद असतं, तेव्हा झाडून घ्यायचं. म्हटलं, मी येते.

‘तुमी? ह्या घरात झाडू मारणार, वैनी?’

‘लग्न होऊन आल्यापासून दुसरं काय केलं मी ह्या घरात?’

त्यानं परसाच्या दाराकडं बघितलं. मग म्हणाला, ‘परसात ऊन चांगलं येतंय. मी फुडच्या दारातच बसून असतोय, मागं फिरकत न्हाई.’

मोरचूद कुटून द्यायला अण्णा तयार आहे. ओल्या खळीनं रंगच सुटले तर? मला माहीत नाही. विचारायला तुम्ही नाही. आणि कापड इतकं विरलंय की जपून करायचं तर एका सोमवारी एकच चित्र उतरवता येईल. तंबाखूच्या वखारीतल्या बायकांचं ते मोठं चित्र, ज्यानं तुम्हाला मुंबईत बक्षिसाचा बिल्ला मिळाला, त्याची दशा सगळ्यांत वाईट आहे. लोक तेच बघायला येतात. तुम्ही असतात तर आधी त्यालाच उचला म्हणाला असतात.

पण वचन देते ते असं: पहिल्या सोमवारी मी गोदीलाच उन्हात घेईन. तुमचं नाव राखायला घर आहे, समिती आहे. तिला मीच आहे. तेवढ्यात ते मोठं चित्र हातचं गेलं, तर जाऊ दे. मी वर आल्यावर काय बोलायचं ते बोला.

तुमची,
गोदीची आई