टपावरची काठी आणि बाबांचं नाव

आदरणीय एस्तेबेसदाजी,

कारा-बेलच्या वरच्या कुरणावरून तुमचा धाकटा मेहुणा ओमुर्झाक छातीवर हात ठेवून सलाम करतो. तुमचा गुडघा काय म्हणतो? बात्माताईची तब्येत बरी आहे ना? (तिची जीभ ठणठणीत असणारच, ती विचारत नाही.) इकडे आई, बाबा, उल्कान, दोन्ही पोरी, एकशे बारा मेंढ्या आणि पांढरी जीप असे सगळे खुशाल आहेत. जीपचं मुद्दाम लिहिलं, कारण तुम्ही आमच्याआधी तिची चौकशी करता हे मला ठाऊक आहे.

तुम्ही शहरातून पाठवलेले दोन वायरलेस संच आणि गाडीवर लावायची अँटेना पोचली. चिठ्ठीत तुम्ही लिहिलंत, 'दहा मिनिटांचं काम.' दाजी, अकरा दिवस लागले! संच कशाला हवे होते ते तुम्ही जाणताच. खिंडीच्या पाचव्या वळणावर दगड कोसळतात. गेल्या वर्षी दुइशेनचे दोन घोडे तिथेच गेले, माणूस थोडक्यात वाचला. खालून येणाऱ्याला वरचं काही दिसत नाही, पण आमच्या युर्त-तंबूच्या दारातून उल्कानला तो सगळा उतार दिसतो. एक संच तिच्याजवळ, एक गाडीत. दगड सुटले की तिनं ओरडायचं आणि आपण थांबायचं. इतका साधा बेत होता.

अँटेनेच्या बुडाशी लोहचुंबक होतं. टपावर ठेवली की आपोआप धरते म्हणालात. मी ठेवणार, तेवढ्यात बाबा आले. 'नमदा कुठाय?' म्हणाले. मी म्हटलं, नमदा कशाला? झालं! 'उघड्या पाठीवर खोगीर टाकतोस? पाठ सोलून निघेल तिची. हेच शिकवलं का तुला?' आता ज्या माणसानं साठ वर्षांत एकाही घोड्याच्या पाठीला जखम होऊ दिली नाही त्याच्याशी काय वाद घालायचा? आईनं लोकरीचा चांगला बोटभर जाड नमदा कापून दिला, कडेला लाल दोऱ्याची वेलबुट्टीसुद्धा काढली. तिसऱ्या वळणावर अँटेना नमद्यासकट उडाली. चुंबकाचे तुकडे झाले. काठी तेवढी एका मेंढपाळानं आणून दिली (तो तिनं मेंढ्या हाकत होता). नमदा मात्र शाबूत आहे, आई त्यावर किटली ठेवते.

मग काठी मागच्या बंपरला तारेनं आवळली. चौथ्या वळणापर्यंत उल्कानचा आवाज खणखणीत, आणि पाचव्यावर चिडीचूप. नेमकं जिथे हवं तिथेच! खालच्या गावातला मेलिस सैन्यात बिनतारी खात्यात होता, त्यानं बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. म्हणाला, 'अरे, गाडीचा टप ही हिची जमीन. पायाखाली जमीन नसेल तर ही बोलणार कशी? टपाच्या मध्यावर भोक पाड आणि तिथे उभी कर.' भोक म्हटल्यावर बाबांनी एक अडचण काढली. (ती रास्त होती. ओघात येईलच.) तिसऱ्या दिवशी युर्तमध्ये उताणे पडून माथ्यावरच्या धुराच्या भोकातून आभाळ बघत होते, अचानक उठून बसले आणि म्हणाले, 'घराला वर भोक असतंच की. पाड.' मी गिरमिट फिरवलं. बाबांनी दोन्ही तळवे तोंडावरून फिरवून दुआ मागितली.

आणि दाजी, पाचव्या वळणावर आवाज आला! तीन बाजूंनी डोंगर, वर गिधाड फिरतंय आणि माझी बायको कानाशी विचारतेय, 'मीठ विसरला नाहीत ना?' अंगावर काटा आला माझ्या. हातभर काठी, तिला ना तोंड ना कान, आणि तिनं डोंगराला वळसा घालून बाई आणली. मी गाडी थांबवून खाली उतरलो आणि नुसता तिच्याकडे बघत राहिलो. (मीठ विसरलोच होतो.)

आता मंगळवारचं सांगतो. एक गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. ताश म्हणजे दगड, आणि बाबांचं नाव ताशतान. सून सासऱ्याचं नाव घेत नाही. चौदा वर्षं उल्कान दगडाला 'जड' म्हणते. चुलीला तीन जड मांडते, पोरीच्या बुटातून जड काढते. त्या दिवशी पीठ घेऊन मी आणि बाबा भरदुपारी वर येत होतो. आणखी वरच्या कुरणावरून आमच्याकडे साबिराआत्या यायच्या होत्या (तुमच्या लग्नात बाक मोडला होता त्याच). पाचव्या वळणाच्या तोंडाशी संच बोलला, 'जड येतायत! जड खाली येतायत!' मला वाटलं, आत्याच निघाल्या. बटण दाबून म्हटलं, 'येऊ देत की. चहा टाक, लोणी बाहेर काढ.'

'अहो, चहा कसला मेला! ताश! ताश! ताश!'

दाजी, पूर्ण नावसुद्धा नाही. लंगोटीयारानं हाक मारावी तसं! बाबा लालबुंद झाले. 'थांबव गाडी.' मी म्हटलं, चढ आहे. 'थांबव म्हणतो ना! माझी सून मला भर रस्त्यात एकेरीवर हाका मारते! हा डबा तिला बिघडवतोय. मी पायी जाऊन विचारतो.' मी करकचून ब्रेक दाबला. बाबा उतरले, उंच टोपी नीट केली, दार धाडकन लावलं. आणि समोर चाळीस पावलांवर डोंगर खाली आला. घोड्याएवढे एकेक दगड! जिथे आम्ही असायचो तिथे रस्ताच उरला नाही. शेवटी एक सफरचंदाएवढा दगड गडगडत बाबांच्या बुटाशी येऊन थांबला. बाबा त्याच्याकडे बघत राहिले.

संचातून उल्कान हुंदके देत होती, 'बाबा, चुकलं माझं, तोंडातून गेलं, माफ करा.' आम्ही जिवंत आहोत का हे तिनं विचारलंच नाही. बाबांनी आजवर त्या डब्याला हात लावला नव्हता. त्यांनी तो घेतला आणि पाठीकडून बोलायला लागले. मी फिरवून दिला, बटण दाबून धरलं. म्हणाले, 'पोरी, पुन्हा एकदा घे बघू नाव.' मग अगदी हळू आलं, 'ताश.' बाबा रस्त्यावरच बसले आणि टोपीनं डोळे पुसायला लागले. धूळ गेली म्हणाले. धूळ होतीच म्हणा. टपावरची काठी अजून थरथरत होती.

आता घरात निकाल लागलाय की वायरलेसवर ते नाव नव्हे, इशारा. तेव्हापासून बाबांनी चहाला नावं ठेवली की उल्कान संचापाशी जाते आणि तिला कुठेतरी दगड दिसतो.

थोरांना सलाम, लहानांना पापा.

तुमचाच,
ओमुर्झाक

ता. क. आईनं भोकाभोवती मेंढीच्या शेपटीची चरबी थापली आहे. पावसात थेंब गळत नाही. (एक गळतो. तो ड्रायव्हरच्या मानेवर, गाडीला काही होत नाही.)

दुसरा ता. क. सप्टेंबरात तुम्ही तुमची जीप परत न्यायला येणार असं ताईनं कळवलंय. एवढं लिहिलं, पण भोक कोणाच्या गाडीला पाडलं ते स्पष्ट करायचं राहूनच गेलं. बाबांची अडचण हीच होती. रागावू नका. हात जोडून विनंती आहे, जीप यंदा इथेच राहू द्या.

तिसरा ता. क. पत्र बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, 'विनंत्या कसल्या करतोस? जावईबापूंना लिही, जीप तुमची आहे, खुशाल घेऊन जा. भोक मात्र माझं आहे. ते इथेच ठेवून जायचं.'