तेवीस नंबर

४ मार्च, ढाका

तेवीस नंबर रुजली. सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या मण्यांसारखे पोकळ गोळे, माणसाच्या आतड्याच्या तुकड्यातून वाढवलेली त्याचीच इवली रूपं. बशीवर नाव नसतं, फक्त नंबर. देणारं कोण ते आम्हाला कळू नये असा नियम. पण तुकडे घेतले त्या दिवशी दोघंच आली होती, एक पुरुष, एक बाई. आणि तेवीसच्या कागदावर ‘बाई, ६८’ लिहिलंय. त्या बाईला रिक्षातून मीच आणलं होतं.

अम्माला जाऊन आज सव्वीस दिवस.

६ मार्च

तपासणीत तांदळाएवढा तुकडा काढणार म्हटल्यावर अम्मा म्हणाली होती, “एवढासाच? बकरी ईदला शेजाऱ्यांना याहून मोठा वाटा देते मी.” मग डॉक्टरांना, “घ्या बाबा. माझ्या बुलूच्या पोटात काय झालं ते तरी कळू दे.”

बुलू माझा धाकटा भाऊ. अठ्ठ्याऐंशीच्या पुरात शाळेच्या गच्चीवर रक्ती हगवणीनं गेला. चार वर्षांचा होता.

१४ मार्च, गुरुवार

पुन्हा बावीस नंबरवर ‘शिगेला’ सोडले, रक्ती हगवणीचे जंतू. कितीदा पाहिलं तरी अंगावर काटा येतो. हा जंतू दार फोडत नाही. समोरून त्याला आत शिरताच येत नाही. आतड्यातल्या पहारेकरी पेशी तपासायला म्हणून त्याला पलीकडे नेतात आणि तो पाठीमागून येतो. सुईसारख्या नळीतून पेशीत काहीतरी टोचतो — मग पेशी स्वतःच उठते, पदर पसरावा तशी, आणि त्याला पोटाशी घेते. आत गेला की तिचेच धागे जमवून शेपूट करतो, त्या शेपटाच्या जोरावर शेजारणीच्या घरात घुसतो. बाहेर यावंच लागत नाही.

बाहेर उरलेले औषधानं मारले, आतले मोजायला ठेवले. बाकी सगळं ब्लीचमध्ये. दर गुरुवारी हेच.

१८ मार्च

अम्माचा चाळिसावा दिवस. मदरशात खिचुडी दिली. पाहुणे गेले आणि “जेवलीस का?” विचारणारं कुणी उरलं नाही. संध्याकाळी प्रयोगशाळेत जाऊन तेवीसपाशी बसले. एक गोळा किंचित हलला. बशी माझ्याच हातानं हलली असणार.

२० मार्च

शेजारच्या टेबलावरून लुत्फा आपा: “काय गं दिलारा, तेवीस नंबर नवरी आहे का? कायम पडद्यात! बावीसचा मात्र दर आठवड्याला बळी.”

“नीट वाढत नाही ती, आपा.”

“माझ्यापेक्षा गुटगुटीत दिसते.”

कामाच्या वहीतही मी ‘वाढ कमी’ असंच लिहिलंय. अठरा वर्षांतलं पहिलं खोटं. अम्मानं ज्यासाठी दिलं, तेच मी होऊ देत नाही. याला माया म्हणायचं की चोरी?

२५ मार्च

आमचे प्रमुख वदूदभाई म्हणाले, “तेवीसचे आकडे कुठेत? या गुरुवारी तिच्यावर कर. आणि सगळ्या नमुन्यांची ओळख पटवून घे, देणाऱ्यांच्या रक्ताशी जुळवून. छापून आल्यावर शोभा नको.”

२८ मार्च, गुरुवार

तेवीस समोर. शिगेला तयार. दहा मिनिटं पिपेट धरून बसले. झाकण लावलं, तिला परत उबेत ठेवलं.

बावीसवरच केलं.

३ एप्रिल

ओळखीचा निकाल आला. तेवीस पुरुष आहे. बावीस बाई, अडुसष्ट वर्षांची.

दोन तुकडे एकाच ट्रेमध्ये होते. लेबलं मीच लावली होती — अम्मा भुलीतून शुद्धीवर येते का, तिकडे बघत.

चार गुरुवार. वहीत माझ्याच अक्षरात: ‘बावीस. पेशीनं जंतू पोटाशी घेतला, चित्र स्पष्ट. शेजारच्या पेशीतही पोचला.’ बुलूच्या पोटात काय झालं ते अम्मा मला दाखवत होती. मी मोजत होते. ओळखलं नाही.

४ एप्रिल, गुरुवार

तेवीसपुढचं ‘वाढ कमी’ खोडलं. खाली सही केली.

बावीसची गोठवलेली एकच नळी उरली होती. सकाळी बर्फातून बाहेर काढली. रुजली की शिगेला सोडेन. अम्मा, या खेपेला तुला ओळखून.