प्रोसेसरचं सोमवारी सांगतो

शाहूपुरी, कोल्हापूर
१४ ऑक्टोबर २००५

प्रिय रक्षिता,

तुझ्या जुन्या कॉम्प्युटरचं काय करायचं, ते मल्लेशला सोमवारी सांगायचं आहे. मल्लेश म्हणजे आपल्या गल्लीच्या टोकाला दुरुस्तीचं दुकान काढलेला हातकणंगल्याचा गडी. तू रविवारी फोनवर म्हणालीस, अप्पा, प्रोसेसर बदलून घ्या, कॅमेरा लावा, मग मेलबर्नहून रोज बघता येईल तुम्हाला. तुला सांगायला सोपं! इथं डबा उघडल्यावर कळतं, की नुसत्या प्रोसेसरनं भागत नाही. नवा प्रोसेसर जुन्या बोर्डावर बसत नाही आणि बोर्ड बदलला की रॅमही बदलायची. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. मल्लेश म्हणतो, "काका, ह्याच बोर्डावर बसंल असा जरा बरा जुना प्रोसेसर घालतो, चालंल तवर चालंल. न्हायतर सगळंच नवं घ्या की." दोन्ही बाजूंनी बोलणारा माणूस. त्याचा सल्ला काय घ्यायचा?

तसं माझं त्या कॉम्प्युटरवर काय काम आहे? सकाळी पूजा आटोपली की बटण दाबतो. सुरू व्हायला तो इतका वेळ घेतो, की तेवढ्यात माझा चहा करून होतो. साखर कधी कमी, कधी जास्त. नावं ठेवायला घरात कुणी नाही. मग पत्ते खेळत बसतो. एकट्यानं खेळायचे पत्ते ज्यानं शोधून काढले, त्याचं भलं होवो. परवा लागोपाठ तीन डाव जिंकलो आणि कुणाला तरी सांगावं म्हणून मान वळवली. मागं कपाट होतं.

यंदा आणखी एक उद्योग करून ठेवला. खंडेनवमीला तुझी अव्वा कॉम्प्युटरला विभूती लावून झेंडूचा हार घालायची, आठवतं ना? तुझी परीक्षा त्याच्यावर आणि त्याची जबाबदारी तिच्यावर, असा त्या आईचा हिशेब. ती गेल्यापासून दोन वर्षं मी खंडेनवमी केलीच नाही. या वेळी वाटलं, करावी. चांगला दणकट हार आणला, घातला आणि हार तसाच ठेवून पत्ते खेळत बसलो. पाकळ्या बाजूच्या जाळीतून आत ओढल्या गेल्या, पंखा अडकला, आणि कॉम्प्युटर तापून ठप्प. मल्लेशनं खोलून बघितलं आणि हसत सुटला. "हार घालायचा व्हता तर बंद करून तरी घालायचा की हो!"

त्यानं पिवळ्या पाकळ्या वेचून काढल्या. खाली तळाशी मात्र काळ्या पडलेल्या, चुरा झालेल्या पाकळ्या होत्या. त्या माझ्या हारातल्या नव्हत्या. तो फुंकर मारणार, तेवढ्यात मी त्याचा हात धरला. मला रडू फुटलं गं, भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. मल्लेशनं स्टूल पुढं सरकवलं आणि दुसऱ्या कामाला लागला.

पंखा आता फिरतोय, पत्तेही चालतात. पण कॅमेऱ्याचं काम या प्रोसेसरला झेपायचं नाही, असं तो म्हणतो. म्हणजे काहीतरी ठरवायलाच हवं. आज दोनदा त्याच्या दुकानावरून गेलो आणि दोन्ही वेळा खाली मान घालून पुढं निघालो. दुसऱ्या वेळी त्यानं मला बघितलं असावं.

खरं सांगू? माझं उत्तर अडलंय ते प्रोसेसरपाशी नाही. रविवारी तू कॅमेऱ्याचं बोललीस आणि त्याच दमात म्हणालीस, रोज दिसणारच आहोत, मग डिसेंबरात यायची धावपळ कशाला? आणि मी, जन्मभर फटकळ म्हणून नावाजलेला माणूस, पटकन म्हणालो, नको येऊस, माझं काही अडत नाही. फोन ठेवला आणि तिथंच बसून राहिलो. पोरी, ते साफ खोटं होतं. सोमवारी मी मल्लेशला हो म्हणतो. प्रोसेसर बदलतो, बोर्ड बदलतो, कॅमेरा लावतो, तू सांगशील तिथं तोंड करून बसतो. पण त्याच्या बदल्यात तुझं येणं रद्द करू नकोस. एवढं फोनवर माझ्याच्यानं बोलवलं नसतं, म्हणून लिहायला बसलो. माझं अडतं. तू ये.

तुझाच,
अप्पा