आई पुढे, मी मागे

कवठे येमाई
८ फेब्रुवारी २००४

आदरणीय आनंदमामांना करुणाचा मनापासून जय भीम.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींना खोकल्याचं औषध लागू पडलं का? इकडे आम्ही ठीक. आबांचं गवंडीकाम चालू आहे, शेळीला दोन करडं झालीत आणि माझे पाय अजून जागेवर आहेत. पोलीस भरतीचं तुम्हीच मनात भरवलंत (रेल्वेतून निवृत्त झालेल्या माणसाचं दुसऱ्याला पळवायला काय जातं), आणि थंडी पडल्यावर मी रोज सकाळी पळायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी ओढ्याच्या पुलापर्यंत जायचं ठरवलं होतं. पिठाच्या गिरणीशीच पोटात कळ आली आणि मी पायरीवर बसले. तेवढ्यात मागून रंगुबाई पळत आली, तिच्यामागे तिचा दीर, त्याच्यामागे अर्धी आळी. आपल्याकडे उगाच कुणी पळत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. रंगुबाईला वाटलं, आबा परांचीवरून पडले. काहीच झालेलं नाही म्हटल्यावर ती जराशी नाराजच झाली. पुढे दूधवाले हरिबा गाडी थांबवायला लागले. पोरगी एवढी घाईत चाललीय आणि आपण गाडीवर, हे त्यांना बघवेना. वडीलधाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मामा, पहिल्या आठवड्यातला माझा बराचसा सराव दुधाच्या कॅनला धरून मोटारसायकलवर झाला.

मग आई सोबत यायला लागली. साडी खोचलेली, पायात काही नाही, हातात रिकामं पोतं (गवताला चाललोय असं दिसावं म्हणून). मला वाटलं, ही पुलापर्यंतही टिकणार नाही. पण ती गप्पा मारत पुढे आणि मी तोंड उघडं टाकून मागे, असं व्हायला लागलं. तिची एक खोड आहे. गोष्ट सांगता सांगता ऐन रंगात आली की पाय उचलते. पुढचं ऐकायचं तर तिला गाठावं लागतं.

जानेवारीत मात्र मी हरले. नडग्या सुजल्या होत्या, सणसवाडीच्या कंपनीतल्या मुलाचं स्थळ आलं होतं, आणि आबांच्या ते मनात भरलंय असं मला वाटत होतं. वाटलं, होकार देऊन टाकावा, निदान पळणं तरी सुटेल. सकाळी आई उठवायला आली तेव्हा सांगितलं, माझ्याच्यानं होणार नाही. ती रागावली नाही.

"नगं येऊ. झोप तू," ती म्हणाली. "मला आता पळल्याबिगर करमत न्हाई." आणि गेली.

मी गोधडी ओढून घेतली. पण आदल्या दिवशी तुमची गोष्ट अर्धी राहिली होती. तुम्ही पाबळला मुलगी बघायला गेलात, भलत्याच घरात शिरलात, पोहे खाल्लेत, वर आणखी मागितलेत, आणि तेवढ्यात आतून एक जण बाहेर आली... इथं आईनं पाय उचलला होता. कोण आली असेल? मी कूस बदलली, परत बदलली आणि शेवटी उठले. गिरणी कधी मागे पडली, पूल कधी गेला, कळलं नाही. फाट्याच्या अलीकडे आईला गाठलं आणि धापा टाकत विचारलं, कोण आलं बाहेर?

"कोण म्हंजी? तुझी मामी," आई म्हणाली. "बघायची पोरगी शेजारच्या घरात नटून बसली व्हती."

आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला बसून पोट दुखेपर्यंत हसलो. हसता हसता माझ्या ध्यानात आलं, की घरापासून इथवर मी कुठंच थांबले नव्हते. आईला ते कळलं असणार. तिनं नुसता पदरानं माझा चेहरा पुसला.

परवा पुण्यात मैदानी चाचणी झाली. सगळ्या पोरी भराभर पुढे गेल्या आणि मला रडूच यायला लागलं. तेवढ्यात जाळीपलीकडून आईचा आवाज आला. ती तिथल्या बायकांना कसलीशी गोष्ट सांगत होती, मोठ्यानं. दर फेरीला मला त्यातलं एखादंच वाक्य मिळायचं, म्हणून पुढची फेरी मारावी लागायची. मामा, मी धावण्यात पास झाले. आता लेखी परीक्षा राहिली. सणसवाडीच्या स्थळाला आबांनी स्वतःच जाऊन नाही सांगितलं.

मामींना जय भीम सांगा.

तुमची भाची,
करुणा

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. माझी निवड झाली तर मी ट्रेनिंगला जाईन, पण आई काही पळायचं सोडणार नाही, आणि काट्याकुट्यात अनवाणी पळते. बुटांचं नाव काढलं की म्हणते, मी काय आता शाळंत चाललीय? म्हणून दुपारी तिचा डोळा लागल्यावर दोऱ्यानं पायाचं माप घेतलंय. दोरा पाकिटात आहे. दौंडच्या बाजारात कॅनव्हासचे बूट बघा आणि तुमच्याच मनानं आणलेत असं सांगा. तिला यातलं काही कळू देऊ नका.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी आईनं पत्र वाचलं. मला वाटलं, आता फाडणार. तिनं फक्त माझा दोरा चुलीत टाकला आणि दुसरा, त्याच्यापेक्षा चांगला बोटभर जास्त लांब, कापून आत ठेवला. पळून आल्यावर पाय फुगतो, म्हणे. निळे मिळाले तर बघा, असंही लिहायला सांगितलंय.