दुसरा हिरवा दिवा

प्रिय दादा,

मंजूर झालं. दीड वर्षाच्या वादावादीनंतर काल दुपारी आपल्या शहरातल्या रस्त्यांवर किती कोंडी चालवून घ्यायची, याचे निकष मंजूर झाले, आणि ते मी लिहिलेत. पहिला मसुदा माझा, शेवटचाही माझाच, मधले सगळे कुणाकुणाच्या रागापायी झालेले. कालपासून मला एका जागी बसवत नाहीये. सकाळी चहात साखरेऐवजी मीठ टाकलं आणि अर्धा कप पिऊन झाल्यावर माझ्या लक्षात आलं. फोनच करणार होते, पण तू पहिल्याच वाक्याला अडवून विचारशील, दुकानाचं काय झालं. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच विचारलं असतं. रुंदीकरणाच्या नकाशावरची रेघ गेली पाच वर्षं तुझ्या दुकानावरून जातेय, आणि तिच्यापायी तू दुकानाला साधा रंगसुद्धा दिलेला नाहीस. सांगते, दुकानाचंही सांगते. पण आधी मला थोडं नाचू दे.

कारण दीड वर्ष मी तोंडाला कुलूप लावून बसले होते. नियमच तसा होता, घरच्यांशी या विषयावर चकार शब्द बोलायचा नाही. वहिनीला वाटलं, ही आता मोठी साहेबीण झाली, आपल्याकडे कशाला येईल. तिला सांग, साहेबीण कसली, पायांना फोड आलेत उन्हात चौकाचौकात उभं राहून. मी यायचं टाळत होते ते एवढ्याचसाठी की तू समोर बसून नुसतं बघितलं असतंस तरी मी सगळं ओकून टाकलं असतं. माझ्या पोटात काही राहत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

आईला वाटतं, मी लोकांना कोंडी करायची परवानगी देते. तसं पाहिलं तर तिचं फारसं चुकत नाही. जुना निकष असा होता की संध्याकाळच्या गर्दीतसुद्धा प्रत्येक गाडी पहिल्याच हिरव्या दिव्यात चौक ओलांडून गेली पाहिजे. नाही गेली तर तो रस्ता नापास, आणि नापास झाला की रुंद करायचा. ऐकायला किती छान वाटतं. पण शहर वाढतंय, गाड्या वाढतायत, त्या हिशेबाने जवळजवळ सगळे रस्ते नापास. मग दुकानं पाडा, झाडं तोडा, फुटपाथ खाऊन टाका, आणि दोन-तीन वर्षांत तो रुंद रस्ताही भरला की पुन्हा पाडायला लागा. मी म्हटलं, गर्दीच्या वेळी माणूस दुसऱ्या हिरव्या दिव्यापर्यंत थांबला तर काही आभाळ कोसळत नाही. तेवढी कोंडी आपण पदरात घेऊ आणि लोकांची घरं-दुकानं शाबूत ठेवू.

हे म्हटल्यावर जी धुमश्चक्री उडाली ती तू बघायला हवी होतीस. निकष ठरवणाऱ्या समितीत एक निवृत्त प्राध्यापक आहेत. कुठलाही प्रश्न असो, त्यांचं उत्तर एकच, रस्ता रुंद करा. आम्ही त्यांच्या पाठीमागे त्यांना रुंदसर म्हणतो. त्यांनी मला विचारलं की दुसराच दिवा का, तिसरा का नाही, याला शास्त्रीय आधार काय. मी आठवडेच्या आठवडे चौकात उभी राहून जे बघितलं तेच सांगितलं. पहिला हिरवा दिवा हुकला की लोक मोबाइल काढतात. दुसराही हुकला की हॉर्न वाजवायला लागतात. आणि तिसरा हुकला की माणूस इंजिन बंद करतो, खाली उतरतो आणि शेजारच्या अनोळखी माणसाजवळ आमच्या खात्याचा उद्धार करतो. म्हणजे आशा सुटते ती दुसऱ्या दिव्यानंतर. सर म्हणाले, याला शास्त्र म्हणत नाहीत. आणि काल काय व्हावं, मतदानाला हेच सर पाऊण तास उशिरा आले, घामाघूम होऊन, कारण नुकत्याच रुंद केलेल्या रस्त्यावर अडकले होते. हसू दाबता दाबता माझ्या नाकी नऊ आले. मत मात्र त्यांनी विरोधातच दिलं, बदलतील तर ते सर कसले.

पण अध्यक्षबाईंनी बाजू घेतली आणि निकष पास झाला. शहरभरच्या नकाशावरच्या रुंदीकरणाच्या रेघा पुसल्या जाणार आहेत, दादा. बाजारातली ती सगळी ओळ, शाळेसमोरची वह्या-पुस्तकांची दुकानं, नदीकडच्या रस्त्यावरची मोठी झाडं, सगळं वाचलं. आमच्या साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या टेबलापाशी येऊन माझं कौतुक केलं आणि कसं करायचं ते माहीत नसल्यामुळे माझ्या पंख्याचं केलं. चांगला वारा येतो म्हणे.

आता तुझ्या रस्त्याकडे येते. मागच्या हिवाळ्यात मोजमापासाठी मी रुग्णवाहिकेत बसून फिरत होते, पुढे, चालकाशेजारी. त्या दिवशी मागे एक आजोबा होते, छातीत दुखत होतं. त्यांची मुलगी त्यांचा हात धरून सारखी मला विचारत होती, अजून किती वेळ लागेल. कोंडी मोजायचा पगार घेणारी मी, आणि मला सांगता येईना. रुग्णालय समोर दिसत होतं आणि गाडी जागची हलत नव्हती. आम्ही अडकलो होतो ते नेमके तुझ्या दुकानासमोर. तेवढ्यात तू बाहेर धावत आलास. हातात कुणाचा तरी काच अर्धवट बसवलेला चष्मा, तो तसाच खिशात टाकलास, एक मोटारसायकल ढकलत फुटपाथवर चढवलीस, एका गाडीवाल्याच्या काचेवर थापा मारल्यास, आणि आम्हाला वाट करून दिलीस. आत मी आहे हे तुला दिसलंही नाही. चालक सहज म्हणाला की हा चष्मेवाला नेहमीच असा धावतो, त्याचं दुकान बंद असतं त्या दिवशी आमचे हाल होतात. हा माझा भाऊ आहे, हे मी त्याला सांगितलं नाही, नुसती वहीत वेळ लिहीत राहिले. घरी तू कधी बोललाही नाहीस यातलं.

त्या दिवशी कचेरीत परत येऊन मी निकषात एक ओळ घातली. रुग्णालयाकडे जाणाऱ्या रस्त्याला दुसऱ्या दिव्याची सवलत नाही, तिथे पहिल्याच दिव्यात वाट मोकळी झाली पाहिजे. लिहिताना त्याचा अर्थ काय होतो हे मला पक्कं ठाऊक होतं. समोरच्या बाजूला रुग्णालयाची भिंत आहे आणि भिंतीला लागून बाळंतिणींचा विभाग. तिकडे रस्ता वाढवता येत नाही, म्हणजे तुझ्याच बाजूने वाढवायचा. माझ्या सख्ख्या भावाचं दुकान तिथे आहे हे मी पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं, म्हणून त्या ओळीवरच्या मतदानाला मला बाहेर बसवलं. बाकड्यावर बसून मी नखं खात होते, आणि ओळ नामंजूर व्हावी की मंजूर, काय मागावं तेच कळत नव्हतं. एकमताने मंजूर झाली, रुंदसरांसकट. आणि दादा, मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, आधी आनंदच झाला, मग तू आठवलास आणि उठले होते ती परत बाकड्यावर बसले.

तर हे पत्र त्यासाठी आहे. सोमवारी शिपाई नोटीस घेऊन येईल. शहरातल्या इतक्या रेघा पुसल्या आणि तुझी राहिली, ती तुझ्या बहिणीने ठेवली, हे तुला शिपायाकडून किंवा पेपरातून कळू नये. पावसाळ्यानंतर दर्शनी भाग जाणार, बाबांनी बसवलेली काचेची कपाटं आणि बाहेरची पायरी धरून. मागची खोली वाचते. तुला पहिली काळजी डोळे तपासायची पडेल, खुर्चीपासून अक्षरांच्या तक्त्यापर्यंत वीस फूट उरणार नाहीत म्हणून. मी चौकशी करून ठेवली आहे. समोर आरसा लावायचा, तक्ता खुर्चीच्या वर डोक्यामागे टांगायचा, म्हणजे दहा फुटांत वीस फुटांचं काम होतं. उलट्या अक्षरांचा तक्ता तयार मिळतो, आणि आरसा मी घेऊन येते. शनिवारी सकाळी येते, मोजपट्टी घेऊन. हवं तेवढं बोल मला, वहिनीलाही बोलू दे. दुकान उघडं ठेवलंस तर दोघं मिळून माप घेऊ. नाही उघडलंस तर मी पायरीवर बसून राहीन. पावसाळा संपेपर्यंत तरी ती आहे तिथे.

तुझीच भांडखोर धाकटी