म्हातारीची वार्षिक तपासणी

३ फेब्रुवारी, मंगळवार

शेपटीपाशी गेलो आणि मला काही दिसलंच नाही!

टॉर्च होता, आरसा होता, शेपटीतली पट्टी नाकासमोर होती — आणि मधे नुसतं दुधासारखं पांढरं. उजेडाभोवती कडं. डोळे चोळले, पुन्हा तेच. पट्टी तळहाताएवढीच, पण शेपटीची हलती फळी तिच्यावर टांगलेली असते. त्या फळीने विमानाचं नाक वर-खाली होतं. पट्टीला केसाएवढी चीर असली तरी पट्टी बदलायची. केसाएवढी! मला पट्टीच धड दिसेना, तर केस कुठला दिसायला?

मग नखाने चाचपली. वरून खाली, खालून वर. नख कुठे अडलं नाही. पण रंगाच्या थराखाली चीर असली तर नखाला काय कळणार?

तेवढ्यात इंजिनीअर साहेब पंखाखालून ओरडले, "काका, शेपूट?"

"ठीक!" मी म्हणालो.

झालं. शब्द तोंडातून गेला. त्यांनी कागदावर खूण केली आणि पुढच्या ओळीवर गेले.

४ फेब्रुवारी, बुधवार

मोठ्या अक्षरांत लिहितोय, नाहीतर ओळ दिसत नाही. ही वही सुट्या भागांच्या दुकानातून फुकट मिळाली. वापरली नव्हती. कोणाजवळ बोलायची सोय नाही, म्हणून हिच्याजवळ.

म्हातारी म्हणजे आमचं जुनं विमान. चार जणांचं, एका इंजिनाचं, वय सेहेचाळीस. वर्षातून एकदा तिला पूर्ण उघडायचं — खुर्च्या बाहेर, जमिनीच्या फळ्या बाहेर, पंखांखालची झाकणं बाहेर. सगळं बघायचं, पुसायचं, पुन्हा बंद करायचं. मगच तिला आणखी एक वर्ष उडायची परवानगी. पुस्तक इंग्रजीत आहे. माझी शाळा सहावीत सुटली. म्हणून साहेब पुस्तक वाचतात आणि मी बघतो. सही त्यांची, डोळे माझे. साहेब माझ्या मुलाच्या वयाचे, नऊ वर्षं असंच चाललंय. त्यांच्या आधीचे साहेब धरले तर चव्वेचाळीस.

आज तेलाचा फिल्टर कापला. आतल्या कागदाच्या घड्यांत धातूचा कीस असेल तर इंजिन आतून झिजतंय असं समजायचं. मी घड्या उलगडून साहेबांपुढे धरल्या.

"मला का दाखवताय काका? तुम्ही बघितलंत ना?"

"बघा की एकदा. चार डोळे बरे."

"आज एकदम चार डोळे!" ते हसले. मीही हसलो.

कीस नव्हता. त्यांनी सांगितलं म्हणून लिहितोय.

५ फेब्रुवारी, गुरुवार

शेपटीचं झाकण लावलं. नऊ स्क्रू. नववा लावायला पंधरा मिनिटं लागली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांनी सही केली! पेनाचं टोपण लावलं तो टक् आवाज अजून कानात आहे.

संध्याकाळी चहा ओतताना अर्धा बशीत, अर्धा चादरीवर. ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "त्या म्हातारीला उघडून बघून झालं असेल, तर या म्हातारीचंही ऐका. डोळे दाखवा."

"काही झालेलं नाही डोळ्यांना."

"हो का? मग परवा शेजारणीला ताई म्हणून नमस्कार कोणी केला? तिचा नवरा होता तो!"

धाकटी लेक इतकी हसली की तिला ठसका लागला. मग पाणी पिऊन सहज म्हणाली, "बाबा, उद्या म्हातारीला चाचणीसाठी मीच उडवते. आणि पुढच्या रविवारी माझी परीक्षाही तिच्यावरच. शिकवायचा परवाना मिळाला की बघा!"

मला वाटलं होतं परीक्षा नव्या विमानावर असेल. नवं विमान रंगाला गेलंय म्हणे.

मी ताटावरून उठलो. ही म्हणाली, "घ्या, डोळ्यांचं नाव काढलं की भूकही जाते."

७ फेब्रुवारी, शनिवार

धाकटी एकतीस मिनिटं वर होती.

मी हँगरच्या दारात बादली पालथी घालून बसलो होतो. उडताना नाक वर गेलं — मी बादलीची कड धरली. वळली तेव्हा इंजिनाचा आवाज जरा बदलला — वळताना बदलतोच, चव्वेचाळीस वर्षं ऐकतोय — तरी मी उभा राहिलो. ती कुठे आहे ते दिसत नव्हतं. नुसता आवाज, आणि आवाजाच्या जागी आकाशात एक पांढरा डाग. तो डाग आकाशात होता की माझ्या डोळ्यात, देव जाणे.

तिने तीनदा टेकवून पुन्हा उडवलं. तीनदा! एकदा टेकली तर उतर की बाई!

उतरल्यावर पंखाखालून वाकून आली. "लोण्यासारखी चालते बाबा! तुमचा हात लागला की म्हातारी तरणी होते." माझ्या पाठीवर थाप मारली. मी "हं" म्हणालो. बादली उचलली आणि मागे जाऊन ओकलो.

८ फेब्रुवारी, रविवार

आज काहीच केलं नाही. दिवसभर नख बघत बसलो.

९ फेब्रुवारी, सोमवार

ही हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. भिंतीवरचं वरचं मोठं अक्षर सांगितलं, दुसऱ्या ओळीपासून ठोकून दिली.

"आजोबा, अंदाज नका करू. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा. यात नापास करत नाही कोणी."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डावा पिकलेला. "निदान वर्षभर त्रास होत असणार. काम काय करता?"

"निवृत्त आहे," मी म्हणालो.

हिने माझ्याकडे वळून पाहिलं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "खोटं का बोललात?" मी रस्ता बघत राहिलो. रस्ताही दिसत नव्हता.

वर्षभर! म्हणजे नुसती शेपूट नव्हे. गेल्या जूनमधली चाकं, बेफिकीर वैमानिकाने आपटलेला तो पंख, सगळं याच डोळ्यांनी बघितलं?

१० फेब्रुवारी, मंगळवार

हिच्या शिवणाच्या डब्यातलं भिंग खिशात घातलं आणि अर्धा तास आधी हँगरवर गेलो. शेपटीचे चार स्क्रू काढले. पाचवा काढताना मागून —

"काका, काय शोधताय?"

साहेब. हातात डबा, काखेत हेल्मेट.

"स्क्रू सैल वाटला."

"सैल? सही झालेल्या विमानाचा स्क्रू सैल?" ते चेष्टेतच म्हणाले, पण टॉर्च घेऊन वाकले. "ठीक तर आहे. उगाच झाकण उघडलंत तर मला पुन्हा कागद रंगवावे लागतील. हे परवान्याचं काम आहे, काका. माझं घर त्या एका कागदावर उभं आहे."

त्यांनी स्वतःच चारही स्क्रू लावले. मी भिंग मुठीत घट्ट धरून उभा.

बोललो तर त्यांची सही खोटी ठरणार. धाकटीची परीक्षा जाणार, पुढची तारीख सहा महिन्यांनी. माझं काम तर जाणारच — आंधळ्याला हँगरमधे कोण ठेवेल? आणि नाही बोललो तर —

ते लिहवत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी ठरवलं, बोलायचं. दुपारी ठरवलं, चहा झाल्यावर. चहा झाला. साहेब फोनवर होते. मग ते गेले.

भित्रा! सत्तरी ओलांडलेला भित्रा माणूस!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बोललो. साहेबांशी नाही — धाकटीशी.

ती सकाळी टेबलावर नकाशा पसरून परीक्षेचा मार्ग आखत होती. ओठांत पेन्सिल, केस अजून ओले. मी समोर बसलो आणि शेपटीचं सगळं सांगून टाकलं. नख, "ठीक!", मोतीबिंदू, भिंग. मधे थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

तिने पेन्सिल खाली ठेवली.

"मी शनिवारी त्यात बसले होते, बाबा."

"हो."

"तुम्ही दारात बसून बघत होतात."

"हो."

"आणि मी उतरल्यावर 'हं' म्हणालात."

मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नकाशाची घडी घातली — चुकीची पडली, उलगडली, पुन्हा घातली. मग आतल्या खोलीत जाऊन साहेबांना फोन केला. दार लोटलेलं होतं. एवढंच ऐकू आलं — "नाही, ते स्वतःच म्हणाले. हो. नाही, रडत नाहीयेत."

मी रडत होतो. दाराआडून तिला दिसलं नसेल.

ही स्वयंपाकघरातून आली. माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. "निवृत्त!" एवढंच म्हणाली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळं लिहायला हवं. क्रमाने.

साहेब सकाळी आले ते थेट म्हातारीपाशी गेले. तिच्या नाकावरच्या पंख्यावर लाल फलक अडकवला — उडवू नये. मग शेपूट उघडली, पट्टी बाहेर काढली, रंग खरवडला, त्यावर लाल औषध लावलं, पुसलं, वर पांढरी भुकटी मारली. चीर असेल तर त्यातलं लाल भुकटीवर उमटतं. दहा मिनिटं थांबायचं. मी त्या बादलीवर, धाकटी उभी.

काही उमटलं नाही. पट्टी स्वच्छ!

जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा. मी साहेबांचा हातच धरला. त्यांनी सोडवून घेतला, पण हळूच. म्हणाले, "काका, पट्टी चांगली निघाली म्हणून तुमचं चुकलं नाही असं होत नाही. आता सगळंच उघडायचं. मी बघणार. तुम्ही फक्त हात द्या."

संध्याकाळी चार वाजता जमिनीखालच्या केबल राहिल्या. पुढच्या हँडलपासून शेपटीपर्यंत पोलादी दोऱ्या जातात, वाटेत विहिरीवर असतात तसल्या कप्प्यांवरून वळतात. त्यांना फडकं गुंडाळून हात सरकवायचा. एखादी तार तुटलेली असेल तर फडकं अडकतं. याला डोळे लागत नाहीत. आंधळाही करील! म्हणून तर केबलची मला काडीइतकी भीती नव्हती.

धाकटी हँडलपाशी बसली, साहेब शेपटीत शिरले. मी सवयीने ओरडलो, "खीळ! आधी खीळ लाव!" हँडलला खीळ घातली की सगळं मधोमध जखडतं. माझ्या उस्तादांची पहिली शिकवण — त्यांच्या सोबत्याची बोटं हलत्या फळीत चिरडली होती. आधी खीळ, मग हात. चव्वेचाळीस वर्षांत मी एकदाही बिनखिळीचा हात घातलेला नाही. माझ्या हाताखाली कोणाचं नखही तुटलं नाही, त्याचा मला अभिमान!

"खीळ नको," साहेब आतून म्हणाले. "ताई, हँडल पूर्ण मागे ओढा. धरून ठेवा."

तिने ओढलं. केबल कप्पीवरून वीतभर सरकली.

फर्र आवाज झाला. फडकं अडकलं होतं.

साहेब बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले ते माझं बोट धरून आत घेऊन गेले. म्हणाले, "लावून बघा." केबलला सात पदर असतात. दोन पूर्ण तुटलेले. तिसऱ्याच्या तारा मिशांसारख्या उभ्या. बोटाला रक्त आलं.

जेवढा तुकडा कप्पीवर बसलेला असतो, तेवढाच. खीळ घातली की तो तुकडा नेमका कप्पीच्या खाचेत दडतो. दर वर्षी तिथेच दडत होता. फडकं त्याच्या अलीकडून जायचं, पलीकडून जायचं.

साहेब म्हणाले, "ही झीज एका वर्षाची नाही, काका. निदान चार-पाच."

चार-पाच वर्षांपूर्वी मला पलीकडच्या धावपट्टीवरचा पक्षी दिसायचा.

धाकटी हँडल तसंच ओढून धरून बसली होती. कोणी तिला सोड म्हटलंच नव्हतं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

अकरा जण माझ्या हाताखाली शिकून गेले. अकरा गावं, अकरा हँगर. सकाळपासून नंबर शोधतोय, धाकटी फोन लावून देते. मला आकडे दिसत नाहीत.

पहिला लागला. मी काही बोलायच्या आत तोच आनंदाने म्हणाला, "उस्ताद! काळजी नसावी, इथे सगळं तुमच्याच शिस्तीत चालतं. आधी खीळ, मग हात. चौघांना तयार केलंय मी!"